खुंटीवरच्या चपला

झिपरूचं नाव झिपरू का, हे त्याने मला ओळख झाली त्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्याच्या आधीचे दोन भाऊ रांगायला लागायच्या आतच गेले होते. हा झाला तेव्हा आईने सप्तशृंगीला नवस बोलला की हा जगू दे, याचं जावळ तुझ्याच दारात काढीन. हा जगला. पण साक्री तालुक्यातल्या त्याच्या गावातून गडावर जाणं दरवर्षी काही ना काही कारणाने पुढे गेलं. एका वर्षी बापाचा हात मोडला, दुसऱ्या वर्षी चुलत्याचं लग्न निघालं. पोराचे केस कंबरेपर्यंत आले आणि गावाने त्याला झिपरू म्हणायला सुरुवात केली. शेवटी जायचं ठरलं, त्याच्या आदल्या महिन्यात त्याची धाकटी बहीण तापाने गेली. देवीने वाट पाहिली आणि मग आपलं आपण घेतलं, असं आई समजली. तिने त्याला तसं कधी बोलून दाखवलं नाही. केस विंचरताना मात्र ती रडायची, हे त्याला आठवत होतं.

हे आधीच सांगतो आहे, कारण पुढचं सगळं यातून आलं.

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा घेऊन नुकता लागलो होतो. पाण्याच्या पंपाचे भाग तिथे तयार व्हायचे. झिपरू मशीन शॉपमध्ये हेल्पर होता. लोखंडाच्या सळया उचलून लेथपाशी, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रापाशी आणायच्या, कापून निघालेला कीस झाडून भरायचा, मिस्त्रीला हवं ते हातात द्यायचं. वय बावीस-तेवीस. अंगाने किडकिडीत, पण सळई खांद्यावर घेतली की वाटेत थांबायचा नाही. त्याला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, व्हायचं होतं. हेल्पर ठेकेदाराचे असायचे, ठेकेदार म्हणेल तेव्हा येणं बंद. टर्नर मात्र कंपनीच्या हजेरीवर असायचा. त्याचं नाव तिथे लागलं की जवळच्या डोकमर्डी वस्तीत एक खोली घ्यायची आणि दम्याने वाकलेल्या आईला घेऊन यायचं, एवढंच त्याने ठरवलेलं होतं. तेही कुणी विचारलं तरच सांगायचा.

आम्ही दोघं जेवायला आक्काबाईकडे जायचो. आक्काबाई शिरपूरकडची. मधुबन धरणाचं काम चालू असताना नवऱ्याबरोबर आली, नवरा कामावरच वारला, आणि ती डोकमर्डीत आमच्यासारख्यांना भाकरी घालत राहिली. तिला साखरेचा आजार होता. चहा बिनसाखरेचा प्यायची आणि कुणी बघत नसेल तेव्हा गुळाचा खडा तोंडात टाकायची. पकडली की म्हणायची, "गुय म्हंजे साखर नही."

एकोणीसशे नव्वदच्या एकतीस डिसेंबरला आमच्या प्रसादसाहेबांनी पाळी सुटल्यावर सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून घेतलं. प्रसादसाहेब ठाण्याचे, वयाने आमच्याहून थोडेच मोठे, मनाने चांगले. नुकतेच मुंबईला कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे शिकवलेलं त्यांना आमच्यापर्यंत पोहोचवायचं होतं. बाहेर रस्त्यावर गुजरातच्या पाट्यांच्या गाड्या दुपारपासूनच यायला लागल्या होत्या. तिकडे दारूबंदी, म्हणून नवं वर्ष साजरं करायला सगळे सिल्वासात. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं लक्ष तिकडेच होतं. साहेबांनी सांगितलं की नव्या वर्षात प्रत्येकाने एक ध्येय ठरवावं. एकच, पण ठाम. आणि ते पूर्ण होईपर्यंत आपली एक आवडती गोष्ट सोडावी, म्हणजे ध्येयाची रोज आठवण राहते.

पप्पू म्हणून एक हेल्पर होता, धुळ्याचा, सतत थट्टा करणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला यंदा लग्न करायचंय. तोवर काय सोडू?"

"आशा सोड," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, साहेबही हसले.

कुणी तंबाखू सोडली, कुणी चहा. मी इंग्रजी सुधारायचं ठरवलं आणि पत्ते सोडले. संक्रांतीच्या आत आमच्यातल्या बहुतेकांचं सगळं पहिल्यासारखं झालं होतं, हेही सांगून टाकतो.  झिपरूला साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, बघतो.

संध्याकाळी खानावळीत मी हात धूत होतो. आक्काबाईच्या फळीवर सप्तशृंगीची तसबीर होती. झिपरूने तिच्यासमोर चपला काढल्या. त्याच्या पगारातून घेतलेल्या पहिल्या चपला होत्या त्या, चामड्याच्या, रोज फडक्याने पुसायचा. त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "माते, लेथवर माझं नाव लागेपर्यंत पायात काही घालणार नाही." मग चपला उचलून दारामागच्या खुंटीला अडकवल्या.

आक्काबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. "कसाले बोलना रे, येडा?" ती म्हणाली. "सायेबनी गंमत कयी आनि तू देवीले मझार लई उना. आते तुले फेडनं पडी." देवीला मध्ये आणलं की बोललेलं फेडावंच लागतं, असं तिचं म्हणणं.

तो म्हणाला की साहेबांनीच सांगितलं, काहीतरी सोडा. आणि सोडायचं तर कुणाच्या तरी साक्षीने सोडायला हवं, नाही तर ते सोडलं कसं म्हणायचं? आक्काबाईने करपलेली भाकरी बाजूला टाकली. माझ्याकडे याला उत्तरं पुष्कळ होती, पण त्या वेळी मला यात हसण्यासारखंच जास्त दिसलं.

त्याचं शिकणं मात्र खरोखर सुरू झालं. सुधाकर मिस्त्री चिपळूणचे, मशीन शॉपमधले सगळ्यांत जुने टर्नर. जेवणाच्या सुट्टीत ते झिपरूला लेथ चालवू द्यायला लागले. सळई लेथच्या जबड्यात अशी धरायची की फिरताना डुलता कामा नये. हत्याराची धार कधी संपली हे डोळ्यांनी कळायच्या आधी आवाजाने कळतं. शेवटचा कट घाईने घ्यायचा नाही. झिपरू संध्याकाळी हे सगळं मला पुन्हा सांगायचा, म्हणजे त्याचं पाठ व्हायचं. हात चांगला होता त्याचा. मिस्त्री तोंडावर कधी बोलले नाहीत, पण लेथपुढे पायाखाली घालायला त्यांनी एक लाकडी फळी आणून टाकली. लोखंडाचा कीस सुरीसारखा धारदार, आणि हा अनवाणी.

कीस तरीही लागायचा. आक्काबाई बत्तीसमोर बसून सुईने त्याच्या टाचेतले बारीक कण काढायची आणि शिव्या घालायची. एप्रिलमध्ये सायलीच्या रस्त्याचं डांबर वितळायचं, तेव्हा हा गवताच्या कडेने चालायचा. पावसाळ्यात बोटांमध्ये चिखल्या झाल्या. पप्पू त्याला महाराज म्हणायला लागला आणि रोज पाया पडायचा.

आमच्याकडे बारकू नावाचा हेल्पर होता, दुधनीकडचा. त्याच्या घरच्यांची जमीन धरणाच्या पाण्यात गेली होती. तो पहिल्यापासून अनवाणीच यायचा, आणि तसे पाच-सहा जण होते, म्हणून झिपरूच्या पायांकडे साहेबांचं वेगळं असं लक्ष गेलं नाही. बारकूने एकदा त्याला विचारलं की खुंटीला चपला असून घालत नाहीस, ते कशापायी? झिपरूने नवसाचं सांगितलं. बारकूने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मी तं जल्मापासून बिनचपलीचा," तो म्हणाला. "मला कंची देवी पावली?"

पप्पू पोट धरून हसला. झिपरू हसला नाही. 

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात अपघात झाला. गाडीवरून उतरवताना पंपाचं एक ओतीव कवच निसटलं आणि पप्पूच्या पायावर पडलं. दोन बोटं चेचली. पप्पूच्या पायात चपला होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पलंगावरून तो झिपरूला म्हणाला, "मी चप्पल घालून मोडलो आणि तू अनवाणी शाबूत. तुझी देवी पक्की आहे रे." तेवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मालकाने लगेच सगळ्यांसाठी लोखंडी टोपीचे बूट मागवले. बुटाशिवाय मशीन शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात दोन नवे लेथ आले. प्रसादसाहेबांनी जाहीर केलं की हेल्परांतून दोघांना लेथवर घेऊन बघायचं, काम जमलं तर नाव कंपनीत. मिस्त्रींनी पहिलं नाव झिपरूचं दिलं होतं.

म्हणजे टर्नर झाल्याशिवाय त्याला बूट घालता येत नव्हते, आणि बूट घातल्याशिवाय टर्नर होता येत नव्हतं.

साहेबांना आधी कळेचना. मग ते चिडले. "मी ध्येय ठरवा म्हणालो होतो, झिपरू. यात देवी कुठून आली?"

"तुम्ही म्हणाले, सोडा," झिपरू म्हणाला. "आमच्यात सोडलेलं असं मध्येच उचलत नाहीत, साहेब."

साहेबांनी त्याला सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी बूट नसतील तर त्याच्या जागी लेथवर बारकू उभा राहील, म्हणाले. खानावळीत तोडगे निघाले. एकाचं म्हणणं, नवस चपलांचा होता, बुटांचा नाही. दुसरा म्हणाला, पायाला आधी गोणपाट गुंडाळ, म्हणजे बूट पायाला लागतच नाही. झिपरू ताटावर बसून राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. आईचा दमा त्या थंडीत वाढला होता, गावाकडून तसं कळलं होतं. नवस लांबला तेव्हा बहीण गेली. मोडला तर कोण जाणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बारकूला जाऊ दे लेथवर, असं तो हळू आवाजात म्हणाला. मग त्याने ताट बाजूला सारलं.

आक्काबाई चुलीपुढून उठली. दाराशी तिच्या रबरी चपला होत्या, त्या उचलून तिने झिपरूच्या चपलांशेजारी खुंटीला अडकवल्या आणि तसबिरीकडे वळली.

"तुना नवस आते मना," ती म्हणाली. "तू बूट घाल. मी चूलपुढे बशेल ऱ्हास, माले चप्पल कसाले लागस?"

तो उठून तिच्या चपला खुंटीवरून काढायला गेला. तिने त्याचा हात धरला. बोलून झालंय, म्हणाली, आता हात लावलास तर दोघांचाही मोडेल. आमच्याकडे नवस असा अंगावर घेता येतो. आई मुलाचा घेते, बायको नवऱ्याचा घेते. खानावळवाली बाई जेवणाऱ्याचा घेते, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आक्काबाई परत चुलीपुढे जाऊन बसली.

सोमवारी झिपरू बूट घालून लेथपुढे उभा राहिला. वर्षभर मोकळे राहिलेले पाय बुटात मावेनात. तो पायात साखळ्या असल्यासारखा चालायचा.

काम चांगलं चाललं होतं. एक्क्याण्णवच्या एकतीस डिसेंबरला साहेबांनी पुन्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि झिपरूला उभं केलं. म्हणाले, हा बघा, वर्षापूर्वी याने ठरवलं आणि आज लेथवर आहे, ध्येय म्हणतात ते याला. टाळ्या झाल्या. झिपरू स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. बाहेर गुजरातच्या गाड्यांनी रस्ता भरला होता.

एक जानेवारीची सकाळ सिल्वासात ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, रस्त्यावर बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात. आक्काबाई उजाडताना दुधाला निघाली आणि कोपऱ्यावर तिच्या तळव्यात काच गेली. तिने ती स्वतःच उपटली, हळद भरली, चिंधी बांधली आणि आम्हाला भाकऱ्या वाढल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती लंगडायला लागली तेव्हा झिपरूने चिंधी सोडायला लावली. जखम काळी पडली होती.

त्याने खुंटीवरच्या तिच्या चपला काढून तिच्या पायाशी ठेवल्या. मग पाया पडला. ती म्हणाली, "आर्धामा सोडसू का मी? तुनं नाव लागू दे. मंग घालसू."

तिथून त्याच्या कामाची घाई सुरू झाली. याआधी तो लेथवर मन लावून उभा असायचा. आता एकेक बुश, म्हणजे पंपाच्या शाफ्टवर, फिरत्या दांड्यावर बसणारं कडं, उरकायचा म्हणून उभा राहायला लागला, कारण जितक्या लवकर नाव लागेल तितक्या लवकर आक्का चप्पल घालणार होती. शेवटचा कट घाईने घ्यायचा नाही, हे त्याने मला शंभर वेळा सांगितलं असेल. जानेवारीत त्याच्या हातचा एक अख्खा लॉट आतून केसभर मोठा निघाला. त्यातला एकही बुश शाफ्टवर घट्ट बसेना. सगळा भंगारात गेला. मिस्त्री एकच वाक्य बोलले, "हात थांबला पाहिजे रे, हात." साहेबांनी त्याचं नाव लावणं पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला. काय बोलायचं ते त्याला मांडता आलं नाही. नुसता म्हणत राहिला, जरा लवकर करा साहेब. बुश मापात येतील तेव्हा नाव लागेल, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. मग मीच त्यांना आक्काबाईचं सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी झिपरूला परत बोलावलं आणि म्हणाले की मी आजच तुझं नाव लावतो, काम तू नंतर सुधार.

 झिपरूला ते किती हवं होतं हे दिसत होतं. त्याने दाराकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"तुमच्या कागदात चालेल साहेब," तो म्हणाला. "देवीपुढं नाही चालणार. मी टर्नर झालोय का, ते तिला ठाऊक आहे."

साहेबांनी त्याला कामावर परत पाठवलं. मी मात्र वाटेत त्याच्यावर तोंड टाकलं. म्हाताऱ्या बाईचा पाय सडतोय आणि तुला खऱ्या-खोट्याचं पडलंय, असं बरंच. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, खोटं नाव लावून चपला घालायला लावल्या आणि तिला काही झालं तर? मी म्हणालो, न लावता होतंय ते काय आहे?  त्या वादाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

फेब्रुवारीत आक्काबाईला ताप भरला. आम्ही तिला उचलून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी दोन बोटं कापली आणि साखर आटोक्यात नाही म्हणून रागावले. कुणीतरी बाजूच्या पलंगावर गूळ-शेंगदाणे खात होतं, तिकडे ती बघत होती. तू पुन्हा लेथवर जा म्हणून तिने झिपरूला हाकलून दिलं. खानावळ तेवढे दिवस आम्ही पोरांनी चालवली. वरण कच्चं राहायचं, भाकऱ्या पप्पू लंगडत थापायचा, आणि पैसे देऊन असलं खायचं का म्हणून स्वतःच स्वतःला विचारायचा.

झिपरूचा हात त्या दिवसांत मापावर थांबायला लागला. कसा ते त्यालाही सांगता आलं नाही. आता घाई करून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल. मार्चमध्ये त्याने केलेले बुश मिस्त्रींनी एकेक करून मोजले, आणि स्वतःची जुनी मापपट्टी त्याच्या खिशात घातली. साहेबांनी नाव लावलं.

तो बूट न काढताच इस्पितळापर्यंत पळत गेला. मी मागून खानावळीतल्या चपला घेऊन गेलो. त्याने रबरी चपला तिच्या पायांपुढे धरल्या. एका पायात चप्पल गेली. दुसऱ्या पायाला पट्टी इतकी जाड होती की आत जाईना. आक्काबाईने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि उशीखाली ठेवली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "घालसू मंग."

नवस फेडायचा बाकी होता. चैत्रात आम्ही तिघं गडावर गेलो. आक्काबाई काठी टेकत पहिल्या पायरीपर्यंत आली आणि वर बघितलं. इतक्या पायऱ्या तिला चढता येणार नव्हत्या, हे तिला घरीच ठाऊक होतं. झिपरू पाठीवर घेतो म्हणाला, तिने नाही म्हटलं. मग तिने ओटीचं सामान त्याच्या हातात दिलं आणि पायरीच्या कडेला बसली. झिपरूने बूट काढले. तेच, लोखंडी टोपीचे, दुसरं काही त्याने घेतलंच नव्हतं. बूट तिने मांडीवर घेतले आणि पदराने झाकले, कुणी नेऊ नयेत म्हणून.

आम्ही वर गेलो. गर्दी होती. त्याने ओटी दिली, नारळ दिला, डोकं टेकवलं आणि लगेच बाजूला झाला. मला वाटलं होतं तो तिथे बराच वेळ थांबेल.

उतरताना मी विचारलं, आक्काच्या पायाचं मागितलंस का? डॉक्टरांनी आणखी कापावं लागेल असं म्हटलेलं होतं. तो दोन-चार पायऱ्या पुढे उतरला.

"ओठांवर आलं होतं," तो म्हणाला. "पण मागायचं म्हणजे काहीतरी सोडायला लागलं असतं. मी सोडलं असतं ते तिला कळलं असतं. आणि मग तिने तेही अंगावर घेतलं असतं."

खाली आक्काबाईने आम्हाला बघितलं आणि लांबूनच बूट वर करून दाखवले.